अलास्का एअरलाइन्स फ्लाइट २६१

मेक्सिकोतील प्वेर्तो वायार्ताहून सॅन फ्रान्सिस्कोमार्गे सिॲटलला निघालेले एमडी-८३ जातीचे प्रवासी विमान. ३१ जानेवारी २००० रोजी ते कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत, अनाकापा बेटाच्या उत्तरेला पॅसिफिक महासागरात कोसळले. ८३ प्रवासी आणि ५ कर्मचारी, असे विमानातील सर्व ८८ जण ठार झाले.

एमडी-८३च्या शेपटीच्या माथ्यावर स्टॅबिलायझर हा आडवा पंख असतो. त्याचा कोन बदलून विमानाचे नाक वर-खाली तोलता येते. हे काम मोटारीच्या जॅकसारखा एक उभा पोलादी स्क्रू करतो. तो ज्या नटात फिरतो, तो नट ॲल्युमिनियम-ब्राँझचा, म्हणजे तुलनेने मऊ धातूचा असतो. झीज व्हायची ती नटाच्या आट्यांची व्हावी, असाच तो बेत. अर्थात वेळच्या वेळी ग्रीस भरले जाईल आणि नट किती ढिला झाला ते मोजले जाईल, हे त्यात गृहीतच होते. आटे पूर्ण गेले तर पंखाला आवरील अशी दुसरी सोय नव्हती. डीसी-९ या मूळ विमानापासून ही रचना तशीच चालत आली होती.

वर चढत असतानाच स्टॅबिलायझर अडकला. कॅप्टन टेड थॉम्पसन आणि सहवैमानिक विल्यम टान्स्की यांनी हातांच्या जोरावर विमान पेलले आणि सिॲटल व लॉस एंजेलिसच्या देखभाल कर्मचाऱ्यांशी बोलत ते उडवत राहिले. दुपारी ४ वाजून ९ मिनिटांनी स्क्रू फिरवणारी मोटर चालवून पाहताच स्टॅबिलायझर सुटला आणि विमानाने सुमारे ८० सेकंदांत जवळजवळ आठ हजार फूट सूर मारला. दोघांनी ते सावरले. मात्र आता स्क्रू नटातून निसटून फक्त आपल्या खालच्या टोकाच्या अटकावावर लटकत होता. लॉस एंजेलिसला उतरण्यापूर्वी विमान कसे वागते हे तपासायला कॅप्टनने वस्ती टाळून समुद्रावरची जागा मागितली. सुमारे दहा मिनिटांनी तो अटकावही तुटला. विमान उलटे झाले, तरी वैमानिकांची धडपड थांबली नव्हती.

समुद्रतळातून काढलेल्या स्क्रूवर नटाच्या आट्यांच्या पट्ट्या गुंडाळलेल्या सापडल्या. कामाला येईल असे ग्रीस त्या भागावर नव्हते. ग्रीस भरण्याचा काळ कंपनीने वाढवत वाढवत १९९६ मध्ये आठ महिन्यांवर नेला होता, म्हणजे सुमारे २,५५० उड्डाणतास. ढिलेपणा मोजण्याची मुदतही तीस महिने झाली होती. या वाढीव मुदतींना अमेरिकेच्या संघीय विमानचालन प्रशासनाची मान्यता होती. सप्टेंबर १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या हँगरमध्ये या विमानाचे माप ०.०४० इंच, म्हणजे नेमके कमाल मर्यादेवर आले होते. नट बदलायचे ठरलेही. पण पुन्हा मोजल्यावर आकडा ०.०३३ निघाला आणि जुन्याच नटावर विमान सेवेत परतले. जेमतेम एका मिलिमीटरच्या अंतराचा हा हिशेब! वैमानिकांपर्यंत गोष्ट पोहोचण्याआधीच आटे बहुतांश झिजून गेले होते, त्यामुळे त्यांनी उडत राहायला किंवा मोटर चालवून पाहायला नको होते, ही चर्चा मला दुय्यम वाटते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने डिसेंबर २००२च्या अहवालात अपुरे ग्रीस आणि त्यातून झालेली आट्यांची बेसुमार झीज हे कारण ठरवले. वाढवलेल्या मुदती, त्यांना मिळालेली मान्यता आणि पर्यायी सोयीचा अभाव यांनाही त्यात दोष दिला आहे. अपघातानंतर महिनाभरातच या कुळातील विमानांच्या स्क्रू-नटांची तातडीने तपासणी करण्याचा आदेश निघाला होता. थॉम्पसन आणि टान्स्की यांना अमेरिकेतील वैमानिक संघटनेने शौर्यासाठी मरणोत्तर सुवर्णपदक दिले.