सिनेटच्या सुट्टीत पुस्तकं

बुक टीव्ही सुरू झालं ते १२ सप्टेंबर १९९८ ला, शनिवारी सकाळी आठ वाजता. आदल्याच दिवशी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांवरचा चौकशी अहवाल इंटरनेटवर खुला झाला होता आणि अख्खं वॉशिंग्टन तो एकच मजकूर वाचत बसलं होतं. त्याच शनिवार-रविवारी सी-स्पॅन या, अमेरिकी संसदेचं कामकाज दाखवणाऱ्या केबल संस्थेच्या दुसऱ्या वाहिनीने सोमवार सकाळपर्यंतचे सलग ४८ तास पुस्तकांना देऊन टाकले, आणि पुढे दर आठवड्याला देत राहिली. मध्ये जाहिरात नाही, लेखकाचं बोलणं कापणं नाही आणि कादंबरी नाही. यातल्या पहिल्या दोन नकारांची कारणं पैशात आणि कॅमेऱ्यात सापडतात. तिसऱ्याचा गुंता एका शब्दात आहे, आणि तो मराठी वाचकाला जरा जास्तच जवळचा आहे.

आधी कॅमेऱ्याचं. १९ मार्च १९७९ ला अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचं कामकाज पहिल्यांदा सी-स्पॅनवरून घराघरांत दिसलं. घरं तेव्हा होती सुमारे ३५ लाख, आणि वाहिनीचे कर्मचारी चार. टेनेसीचा एक ३० वर्षांचा सदस्य सर्वात आधी बोलला. तो पुढे उपराष्ट्राध्यक्ष झाला. पुष्कळांना वाटतं ही सरकारी वाहिनी. तसं नाही. केबलच्या धंद्यातल्या कंपन्यांनी मिळून ती ना-नफा तत्त्वावर काढली आणि ग्राहकाच्या महिन्याच्या बिलातल्या काही सेंटांवर ती चालत आली. तिला सरकारचा पैसा नाही, जाहिरातदाराचाही नाही, त्यामुळे टीआरपी मोजायचं कारणच नाही. आपल्याकडे रचना वेगळी आहे. लोकसभेची वाहिनी २००६ मध्ये निघाली ती लोकसभेचीच, आणि २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांच्या वाहिन्या एक झाल्या त्याही संसदेच्याच छत्राखाली. तिकडे वाहिनी खासगी, पण सभागृहातले कॅमेरे मात्र सभागृहाचे. कुठे वळवायचे ते सभापतींच्या हातात.

याचा अर्थ काय होतो हे मे १९८४ मध्ये दिसलं. दिवसाचं काम संपल्यावर काही तरुण विरोधी सदस्य जवळजवळ रिकाम्या सभागृहात उभे राहून सत्ताधाऱ्यांवर लांबलचक भाषणं ठोकत. नियमाप्रमाणे कॅमेरा फक्त वक्त्यावर असे, त्यामुळे घरी बसलेल्याला वाटे की समोर सभागृह भरलेलं आहे आणि आरोपांना उत्तर द्यायला कोणी उठत नाही. सभापती चिडले. त्यांनी पूर्वसूचना न देता कॅमेरे रिकाम्या खुर्च्यांवर फिरवायला लावले. मोठा गदारोळ झाला. ज्यांची फजिती करायची होती त्यांचंच नाव देशभर झालं. त्यांच्यातला एक दहा-अकरा वर्षांनी स्वतः सभापती झाला. दोन्ही बाजूंचा मुद्दा खरा होता असं माझं मत आहे. फक्त वक्ता दाखवला तरी बघणारा फसतो, आणि ऐनवेळी खुर्च्या दाखवल्या तरी तो वार असतो. ज्यांच्या हातात तो कॅमेरा नव्हता, त्या वाहिनीच्या लोकांनी यातून एक पथ्य उचललं. जिथे कॅमेरा आपला, तिथे तो शक्यतो स्थिर ठेवायचा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालू ठेवायचा, आणि मधलं काही गाळायचं नाही. लेखकांच्या कार्यक्रमांना हे पथ्य जसंच्या तसं लागू झालं.

दुसरी वाहिनी जून १९८६ ची, सिनेटसाठी, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहासाठी. सिनेटमध्ये गणसंख्येची मोजणी सुरू झाली की कामकाज थांबतं, आणि तेवढा वेळ पडद्यावर शास्त्रीय पाश्चात्त्य संगीत वाजतं. शनिवार-रविवारी तर सिनेट सहसा भरतच नाही. म्हणजे आठवड्याचे दोन दिवस अख्खी वाहिनी रिकामी. त्यात १९९२ च्या केबल कायद्याने स्थानिक प्रक्षेपण केंद्रं दाखवणं केबलवाल्यांना सक्तीचं केलं. तारेत जागा मोजकी, त्यामुळे अनेक गावांत ही वाहिनी अर्धा वेळ झाली किंवा गेलीच. कायदा सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ४ अशा निसटत्या बहुमताने १९९७ मध्ये टिकला. त्यानंतर दीड वर्षाच्या आत बुक टीव्ही आलं. बिनकामाची वाटणारी वाहिनी केबलवाला सहज काढून टाकतो. तिच्यावर दुसरीकडे कुठेच न मिळणारं काही असलं, तर त्याचा हात अडखळतो.

पण पुस्तकं त्याआधी दहा वर्षं तिथे रुजली होती. मला या सगळ्या इतिहासातला हाच काळ सर्वात मोलाचा वाटतो. १९८८ मध्ये व्हिएतनाम युद्धावरच्या एका जाड पुस्तकाच्या लेखकाची मुलाखत सी-स्पॅनचे संस्थापक ब्रायन लॅम्ब यांनी घेतली आणि अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाच भागांत दाखवली. तिथून एप्रिल १९८९ मध्ये 'बुकनोट्स' हा साप्ताहिक कार्यक्रम निघाला. डिसेंबर २००४ मध्ये तो थांबला तेव्हा ८०१ भाग झाले होते. लेखकही ८०१, कारण एका लेखकाला आयुष्यात एकदाच बोलवायचं असा नियम होता. कितीही मोठं नाव असो, दुसरं पुस्तक आलं तरी पुन्हा खुर्ची नाही. पुस्तक नवं हवं, पक्क्या बांधणीचं हवं, आणि मुलाखतकाराने, म्हणजे लॅम्ब यांनीच, ते पानापानाने वाचलेलं हवं.

मागे काळोखी पार्श्वभूमी, समोरासमोर दोन माणसं. संगीत नाही, प्रेक्षक नाहीत, टाळ्या नाहीत. प्रश्न अगदी साधे. तुम्ही कुठे बसून लिहिता? हाताने की यंत्रावर? पुस्तक अमक्याला अर्पण केलंय, तो कोण? आणि मजकुरातलं एखादं नाव आलं की, हा माणूस कोण होता? विद्वानांना सुरुवातीला हे प्रश्न बाळबोध वाटत. पण 'हा कोण होता' याचं उत्तर देताना लेखकाला आपलं सगळं ज्ञान चार वाक्यांत, नवख्या माणसासमोर ठेवावं लागे, आणि तिथे त्याची खरी परीक्षा होई. मुलाखतकार स्वतःचं मत कधीच देत नसे. वाचताना त्याने पेन्सिलीने समासात आणि कोऱ्या पानांवर टिपणं काढलेली असत, पानांचे आकडे लिहिलेले असत. टिपणांसकट ती सगळी पुस्तकं पुढे व्हर्जिनियातल्या एका विद्यापीठाला दिली गेली आणि आज ती तिथल्या ग्रंथालयात एकत्र आहेत. एका वाचकाने सोळा वर्षं दर आठवड्याला एक पुस्तक कसं वाचलं, याची इतकी स्वच्छ नोंद दुसरी क्वचितच असेल.

आता तो तिसरा नकार. कादंबरी का नाही?

वाहिनीचं उत्तर पहिल्यापासून एकच: आमचं क्षेत्र सार्वजनिक घडामोडींचं, म्हणून पुस्तकं 'नॉनफिक्शन'. हा शब्द इंग्रजीतही नकारानेच उभा आहे. जे कल्पित नाही ते, एवढंच तो सांगतो. आपण त्याला 'ललितेतर' म्हणतो आणि घोटाळा दुप्पट होतो. कारण 'ललित' हा शब्द कसं लिहिलंय याबद्दल बोलतो, आणि 'फिक्शन' हे घडलं की नाही याबद्दल. आपला ललित निबंध, व्यक्तिचित्र, प्रवासवर्णन यांतलं काहीच कल्पित नाही, तरी सगळं ललित. म्हणजे 'ललितेतर' म्हटलं की आपल्या गद्यातली सर्वात सुंदर खरी पानं दाराबाहेर राहतात. 'वैचारिक' म्हणावं, तर चरित्रं कुठे ठेवायची? 'माहितीपर' म्हणावं, तर त्या दारातून पाककृती आणि स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शकंही आत येतात. दलित आत्मकथनांचं तर काय करणार? मराठीत ती साहित्याच्या मध्यभागी आहेत, आणि सार्वजनिक घडामोडींच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसावीत अशीही आहेत. मराठी प्रकाशक आणि वृत्तपत्रं शेवटी सरळ 'नॉनफिक्शन' असं देवनागरीत लिहून मोकळी होतात, आणि मला ते पटतं.

अमेरिकेतही या कुंपणावर आक्षेप होतेच. युद्ध काय करतं, वंशभेद घरात कसा शिरतो, हे कादंबरीने जितकं सांगितलं तितकं अहवालांनी सांगितलं नाही, असं म्हणणारे होते आणि ते बरोबर होते. तरीही त्या निर्णयात एक शहाणपण मला दिसतं. बुकनोट्सचा सगळा डोलारा एका प्रश्नावर उभा होता: हे तुम्हाला कसं कळलं? इतिहासकाराला तो टाळता येत नाही. त्याला पत्र दाखवावं लागतं, दप्तर सांगावं लागतं, नाहीतर 'हा माझा अंदाज' असं कबूल करावं लागतं. कादंबरीकाराला तो प्रश्न विचारणं हाच अन्याय आहे. आपल्याकडे पेशवाईवरच्या आणि शिवकाळावरच्या कादंबऱ्यांतले संवाद लोक पुरावा म्हणून तोंडावर फेकतात, व्यासपीठांवरून फेकतात. कादंबरीकाराने 'ही कादंबरी आहे' असं प्रस्तावनेत लिहूनही फेकतात. ज्याने हे पाहिलंय त्याला त्या कुंपणाची किंमत कळते. नुकसानही तितकंच खरं आहे. ४८ तासांची पुस्तकांची वाहिनी आणि तिच्यात कादंबरीला जागा नाही, म्हणजे देशातल्या वाचनाचा एक मोठा तुकडा तिला दिसतच नव्हता.

२०१८ मध्ये, वीस वर्षं पूर्ण होत असताना, हे कुंपण एक वर्षभर उघडलं. 'इन डेप्थ' नावाची मालिका महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी थेट प्रसारित होई. एक लेखक, त्याची सगळी पुस्तकं, आणि देशभरातून येणारे प्रेक्षकांचे फोन. एरवी इतिहासकार आणि राजकीय भाष्यकार बसत त्या खुर्चीत त्या वर्षी बारा महिने कादंबरीकार बसले. निवड मात्र बरीचशी इतिहास, राष्ट्रीय सुरक्षा, विज्ञान, समाज यांना हात घालणाऱ्यांची. म्हणजे दार उघडलं, पण उंबरठा 'सार्वजनिक घडामोडीं'चाच राहिला. पुढच्या वर्षी मालिका पुन्हा जुन्या वाटेवर गेली.

मधल्या काळात मुलाखतीचा बाजही बदलला. २००५ पासून 'आफ्टर वर्ड्स' आलं. त्यात लेखकाला प्रश्न विचारतो तो त्याच विषयातला जाणकार: पत्रकार, लोकप्रतिनिधी, कधी विरोधी मताचा अभ्यासक. चर्चा धारदार होते, यात शंका नाही. पण दोन जाणकार बोलू लागले की 'हा कोण होता' हा प्रश्न पहिला गळतो, आणि बाहेरून ऐकणारा बाहेरच राहतो. मला हा बदल तोट्याचा वाटतो.

बुक टीव्हीवर दिसणारं, पुस्तकाच्या दुकानातल्या लेखकांच्या कार्यक्रमांचं चित्रीकरण मात्र जसंच्या तसं राहिलं. कपाटांमधली जागा मोकळी करून मांडलेल्या घडीच्या खुर्च्या, पुढे एक उंच टेबल, त्यावर पाण्याचा ग्लास. लेखक अर्धा तास बोलतो, एखादं पान वाचतो. मग खुर्च्यांच्या मधल्या वाटेत उभ्या केलेल्या माइकपुढे रांग लागते. कोणी जागेवरूनच प्रश्न विचारू लागला की दुकानदार त्याला हात करून माइककडे बोलावतो, कारण घरी बसलेल्यालाही ऐकू गेलं पाहिजे. आपल्या वसंत व्याख्यानमालेत बसलेल्या माणसाला हे दृश्य परकं वाटणार नाही. पुण्याची ती परंपरा तर १८७५ पासूनची. आपल्या दूरदर्शननेही साहित्यिकांच्या सुंदर मुलाखती घेतल्या, 'प्रतिभा आणि प्रतिमा'ची आठवण आजही लोक काढतात. पण व्याख्यानमालेतलं अख्खं व्याख्यान, प्रश्नोत्तरांसकट, दर आठवड्याला दूरचित्रवाणीवर आणि मग कायमचं संग्रहात, हे आपल्याकडे झालं नाही.

संग्रह हीच या वाहिनीची सर्वात टिकाऊ कमाई ठरली. १९८७ पासूनचं प्रसारण इंडियानातल्या एका विद्यापीठाच्या आवारात नोंदवलं जाऊ लागलं आणि २०१० मध्ये ते सगळं इंटरनेटवर फुकट खुलं झालं. दीड लाखाहून अधिक तासांचं. बुकनोट्सच्या मुलाखती मीही तिथेच पाहिल्या, पुण्यात बसून, रात्री उशिरा, थांबवत थांबवत. हे वाहिनीच्या अमेरिकी ग्राहकांनी महिन्याला काही सेंट देऊन माझ्यासाठी करून ठेवलं होतं.

ते सेंटच आता आटत आहेत. वाहिनी भरात असताना ती सुमारे १० कोटी घरांत पोचत होती. लोक केबल सोडून इंटरनेटवरच्या सेवांकडे गेले तशी ती घरं झपाट्याने कमी झाली, आणि त्या नव्या सेवा या वाहिनीला घेतच नव्हत्या. बुक टीव्हीचे दोन दिवसही आक्रसले. इतिहासाचे कार्यक्रम २०११ पासून सी-स्पॅनच्या तिसऱ्या वाहिनीवर होते, ते पुढे दुसऱ्या वाहिनीवर आणले गेले. शनिवार इतिहासाकडे गेला आणि पुस्तकांना रविवार उरला. तोही सिनेटला सुट्टी असेल तर. महाभियोगाच्या सुनावण्यांत २०२० आणि २०२१ मध्ये सिनेट शनिवारीही भरली, तेव्हा ठरलेले कार्यक्रम बाजूला झाले, कारण त्या वाहिनीवर पहिला हक्क सिनेटचा आहे आणि तो कधीच बदललेला नाही.

२०२५ मध्ये बऱ्याच रेट्यानंतर दोन मोठ्या इंटरनेट सेवांनी या वाहिन्या घ्यायचं मान्य केलं. त्याच वर्षी शरद ऋतूत लेखकांच्या मुलाखतींचा एक नवा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला. त्यात न्यायाधीश आहेत, चरित्रकार आहेत, आणि कादंबरीकारही आहेत.