पार्श्वभूमी : हिशेबाच्या धंद्यात पदवी उशिरा आली

बारावीचा निकाल लागला की नागपुरातल्या कितीतरी घरांत आई-बाबांचं म्हणणं ठरलेलं असतं : ‘आधी बी.कॉम. तर हो, मग पाहू.’ काळजीपोटीच म्हणतात ते. पण आधी पदवी आणि मग काम हा क्रम हिशेबाच्या धंद्यात फार जुना नाही. या धंद्याचा मोठा काळ उमेदवारीवर, म्हणजे जाणत्याच्या हाताखाली राबून शिकण्यावर, गेला. परीक्षा नंतर आल्या आणि पदवी त्याहूनही नंतर.

भोसल्यांच्या नागपुरात दप्तर मोडी लिपीत चालायचं. कारकून घडायचा तो दुसऱ्या कारकुनाच्या शेजारी बसून. इतवारीतल्या पेढ्यांवरही तीच रीत होती. मुनिमाच्या हाताखाली लागलेलं पोरगं आधी निरोप आणि पैसे पोचवायचं, मग रोजकीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, लिहायला लागायचं आणि बऱ्याच काळाने त्याच्या हाती खतावणी, म्हणजे खातेवार मांडणीची वही, यायची. लाल बासनातल्या वह्या त्याच्या ताब्यात आल्या की तो मुनीम झाला, एवढाच त्याचा पदवीदान समारंभ. गंमत म्हणजे आज राज्य मंडळाच्या पुस्तपालनाच्या पुस्तकात रोजकीर्द, खतावणी, तेरीज (खात्यांच्या शिलकांची यादी), ताळेबंद हे शब्द येतात ते याच दप्तरांतून आणि पेढ्यांवरून आलेले आहेत. मुलांना ते परके वाटतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं. त्याच वर्षी तिकडे स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या हिशेबनिसांच्या संस्थेला राजसनद मिळाली आणि ‘चार्टर्ड’ हा शब्द या पेशाला चिकटला. त्या संस्थेचा पायाही उमेदवारीचाच होता. करारनामा करून, म्हणजे ‘आर्टिकल्स’वर सही करून, मुलगा काही वर्षं अनुभवी हिशेबनिसाकडे राबायचा. ब्रिटनमध्ये तर त्यासाठी मुलाच्या घरच्यांना वर पैसे मोजावे लागत. आजचा आर्टिकलशिपचा शब्द तिथूनच आला. फरक एवढाच की आपल्याकडे आज पैसे उमेदवाराला मिळतात, किमान विद्यावेतन म्हणून.

नागपूरला या नव्या हिशेबाची गरज पडली ती कापसामुळे. १८६७ मध्ये रेल्वे आली. १८७४ मध्ये जमशेटजी टाटांनी सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली आणि १ जानेवारी १८७७ रोजी तिची एम्प्रेस मिल सुरू झाली. पेढीचा हिशेब मालकाला समजला की पुरत असे. कंपनीचं तसं नसतं. भागधारक दूर बसलेले, गिरणी डोळ्यांनी न पाहिलेले. त्यांना कुणी तरी तिऱ्हाइताने तपासलेला ताळेबंदच हवा. लेखापरीक्षक हा माणूस या गरजेतून उभा राहिला.

तो कोण असावा, हे कायद्याने पहिल्यांदा ठरवलं १९१३ च्या कंपनी कायद्यात. त्यासाठी प्रांतिक सरकारं दाखले देऊ लागली. १९१८ मध्ये मुंबईत ‘गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी’ सुरू झाला. परीक्षा आणि मान्यताप्राप्त हिशेबनिसाकडे तीन वर्षांची उमेदवारी, असा त्याचा साचा. नावातच डिप्लोमा आहे, पदवी नाही, हे लक्षात घ्या. नागपूर विद्यापीठ स्थापन व्हायला तेव्हा अजून पाच वर्षं होती. १९३२ च्या नियमांनी हा कारभार केंद्राकडे गेला, ‘रजिस्टर्ड अकाउंटंट’ ही ओळख रूढ झाली आणि १ जुलै १९४९ रोजी सनदी लेखापालांची आजची संस्था अस्तित्वात आली.

नागपुरात आणखी एक वाट होती आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते : सिव्हिल लाइन्समधलं महालेखापालांचं कार्यालय, आपल्या बोलीत ए.जी. ऑफिस. १९५६ मध्ये राजधानीचा मान गेला, पण हे कार्यालय राहिलं आणि आजही विदर्भ-मराठवाड्याचे सरकारी हिशेब तिथे पाहिले जातात. इथे कारकून म्हणून चिकटायचं, विभागीय परीक्षा द्यायच्या आणि एस.ए.एस. ही खात्यातली वरची परीक्षा पास होऊन वर चढायचं. ही शिडी आजही आहे. केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या बारावी पातळीच्या परीक्षेतून कनिष्ठ लिपिकाची पायरी मिळते. थेट वरच्या जागेवर बसायचं तर मात्र पदवी लागते.

मग सी.ए.ला, म्हणजे सनदी लेखापाल व्हायला, पदवी लागते हा समज आला कुठून? प्रवेशाचं दार संस्थेने वेळोवेळी हलवलं, त्यातून. २००६ मध्ये सी.पी.टी. ही प्रवेश परीक्षा आली आणि बारावीवाल्यांची वाट सोपी झाली. २०१२ पासून पदवीधरांना प्रवेश परीक्षेशिवाय थेट इंटरमीजिएट या दुसऱ्या टप्प्याला घेऊ लागले, वाणिज्य शाखेला ५५ टक्के आणि इतरांना ६० टक्के या अटीवर. २०१७ मध्ये सी.पी.टी. जाऊन फाउंडेशन आलं. २०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोनवर आली. नाव दहावीनंतरही नोंदवता येतं, फाउंडेशन बारावीनंतर देता येतं. चार पेपर, पास व्हायला प्रत्येकात किमान ४० आणि एकूण ५० टक्के. त्यापुढे इंटरमीजिएट, उमेदवारी आणि फायनल. यात विद्यापीठ कुठेच येत नाही. कॉस्ट अकाउंटंटच्या, म्हणजे सी.एम.ए.च्या अभ्यासक्रमालाही असंच बारावीनंतरचं दार आहे. आणि २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सी.ए., सी.एस. (कंपनी सेक्रेटरी) आणि सी.एम.ए. या पात्रता पदव्युत्तर पदवीच्या तोलाच्या मानल्या. धंतोलीतल्या संस्थेच्या शाखेत नुसतं चौकशीला गेलं तरी यातलं बरंच काही कळतं.

सगळ्यांनाच सी.ए. व्हायचं नसतं. १९८४ मध्ये आयकर कायद्यात ठरावीक उलाढालीवरच्या धंद्यांना लेखापरीक्षण सक्तीचं झालं, १९८६ मध्ये पुढे ‘टॅली’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमुळे घरोघरी पोचलेली कंपनी निघाली, १ जुलै २०१७ ला जी.एस.टी. आला. या तिन्हींनी मिळून गांधीबागेतल्या ठोक दुकानांपासून बुटीबोरीच्या कारखान्यांपर्यंत हिशेब लिहिणाऱ्या माणसाची गरज वाढवली. वह्या लिहायला कायदा पदवी मागत नाही. बारावी झालेला, टॅली येणारा, बँकेचा ताळा बिनचूक जमवणारा मुलगा मुनिमाच्या जागी बसू शकतो.

अडतं ते सहीपाशी. कंपनीच्या किंवा आयकराच्या लेखापरीक्षणाच्या अहवालावर सनदी लेखापालच सही करू शकतो. दुसऱ्यांची विवरणपत्रं भरून देणारा जी.एस.टी. प्रॅक्टिशनर म्हणून नव्याने नोंदणी करायची, तर वाणिज्य, कायदा, बँकिंग किंवा व्यवस्थापन यांतली पदवी हवी, नाही तर सी.ए., सी.एस., सी.एम.ए. यांपैकी एखाद्याची अंतिम परीक्षा पास असायला हवी. दुकानात चार वर्षं टॅलीवर काढलेल्या आणि आता स्वतःचं टेबल टाकू पाहणाऱ्या मुलीची गाठ इथे या नियमाशी पडते. नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करायचं की फाउंडेशनचा अर्ज भरायचा, हा निर्णय तिला तेव्हा घ्यावा लागतो.