पिंजऱ्यात न दिसणारी अंडी: कोंबड्यांच्या जातमानकांची पार्श्वभूमी

परसात दहा-वीस कोंबड्या पाळायच्या म्हटलं की हल्ली पहिला प्रश्न येतो, 'जात ओरिजिनल आहे ना?' कडकनाथ घेणारा चोच उघडून जीभ काळी आहे का बघतो, असील घेणारा मान आणि पायांची उंची न्याहाळतो. वर्षाला अंडी किती, खुडूक बसते का, पावसाळा सोसते का, हे नंतर विचारलं जातं, बरेचदा विचारलंच जात नाही. कोंबडीकडे असं बघायची सवय जगात पहिल्यांदा रुजली ती व्हिक्टोरिया राणीच्या इंग्लंडात.

त्याआधी तिथे कोंबडी म्हणजे शेतकरणीच्या हातखर्चाची सोय होती. जातीचा, रूपाचा आग्रह असायचा तो फक्त झुंजीच्या कोंबड्यांचा. १८३५ मध्ये कायद्याने झुंजींवर बंदी आली. चोरून झुंजी चालू राहिल्या, पण कोंबड्याची चाल, छाती, पाय पारखणाऱ्या बऱ्याच नजरा हळूहळू प्रदर्शनांकडे वळल्या. १८४५ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. त्याच दशकात चीनमधून कोचीन नावाने ओळखले जाणारे धिप्पाड, पायांवरही पिसं असलेले पक्षी आले. खुद्द राणीने ते पाळले म्हटल्यावर सरदार-दरकदारांच्या वाड्यांत खुराडी उभी राहायला वेळ लागला नाही.

१८४९ मध्ये अमेरिकेत बोस्टनला प्रदर्शन भरलं आणि तिकडेही हे वेड पसरलं. जॉर्ज बर्नहॅम नावाच्या व्यापाऱ्याने १८५२ मध्ये राणीला नऊ कोंबड्या नजराणा म्हणून पाठवल्या आणि त्या जाहिरातीवर धंदा वाढवला. पुढे बाजार कोसळला, तेव्हा याच माणसाने १८५५ मध्ये या वेडाची आणि त्यात फसलेल्या गिऱ्हाइकांची टर उडवणारं पुस्तक लिहिलं. दोन्ही वेळा पैसे त्याचेच!

प्रदर्शनं वाढली तशी भांडणंही वाढली. एका गावचा परीक्षक ज्या कोंबड्याला पहिला नंबर देई, त्याला दुसऱ्या गावचा परीक्षक बाद करी. यावर तोडगा म्हणून १८६५ मध्ये इंग्लंडात विल्यम टेगेटमायर यांनी संपादित केलेलं पहिलं मानक, म्हणजे कोणती जात कशी दिसावी याचे लेखी निकष, प्रसिद्ध झालं. कोंबड्या-कबुतरांची माहिती चार्ल्स डार्विनला पुरवणारे टेगेटमायर ते हेच. अमेरिकेत १८७३ मध्ये बफेलो शहरात पोल्ट्री असोसिएशन स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिचं मानक निघालं. प्रत्येक जातीचा तुरा, कानाच्या पाळीचा रंग, पिसांची नक्षी, नडगीचा रंग, वजन आणि प्रत्येकाला किती गुण, हे सगळं त्यात बारकाईने मांडलं होतं.

हेतूत खोट नव्हती. अडचण मूल्यमापनाच्या जागेत होती. परीक्षकापुढे पक्षी येतो तो पिंजऱ्यात, काही मिनिटांपुरता. तेवढ्यात तुरा दिसतो, पिसं दिसतात. कोंबडी वर्षात किती अंडी देते, पिल्लं जगवते का, थंडीत आजारी पडते का, हे दिसायची सोय नाही. जे दिसत नाही त्याला गुण नाहीत, आणि ज्याला गुण नाहीत त्यासाठी निवड कोण करणार?

निवडीची ताकद काय असते, हे डार्विननेच नोंदवून ठेवलं आहे. स्पॅनिश कोंबड्याचा तुरा आधी एका बाजूला लवलेला असे. परीक्षकांनी तो ताठ हवा असं ठरवलं आणि थोड्याच वर्षांत चांगल्या कोंबड्यांचे तुरे ताठ झाले. याच जातीचा चेहरा पांढरा असतो. शौकिनांना तो आणखी मोठा, आणखी पांढरा हवा झाला. ही कोंबडी मोठ्या पांढऱ्या अंड्यांसाठी नावाजलेली आणि चांगली काटक होती. चेहरा वाढत गेला तसा काटकपणा गेला, पिल्लं नाजूक निघू लागली आणि एकेकाळची लोकप्रिय जात शेतकऱ्यांच्या अंगणातून हद्दपार झाली.

प्लायमाउथ रॉकची गोष्ट तर हसावं की रडावं अशी. काळे-करडे पट्टे असलेली ही अमेरिकेची घरगुती कोंबडी, अंड्याला बरी आणि मटणालाही बरी. पट्ट्यांचं जनुक लिंग-गुणसूत्रावर असतं. नराकडे त्याच्या दोन प्रती असतात, मादीकडे एकच, त्यामुळे नर आपसूक फिकट आणि मादी गडद निघते. मानकाने मात्र दोघांचा रंग एकसारखा मागितला! मग शौकिनांनी दोन वेगळे कळप ठेवायला सुरुवात केली, एक बक्षिसाचे नर काढायला आणि दुसरा बक्षिसाच्या माद्या काढायला. दोन्हीकडची निम्मी पिल्लं प्रदर्शनाच्या कामाची नाहीत. परसात बारा कोंबड्या पाळणाऱ्याने हे कसं करायचं, याचा विचार कोणी केला असेल असं वाटत नाही.

रूप आणि उपयोग यांची फारकत सगळ्यात स्वच्छ दिसते ती ऑर्पिंग्टनमध्ये. इंग्लंडच्या केंट परगण्यात विल्यम कुक यांनी १८८६ मध्ये ही जात पुढे आणली, मिनोर्का, लँगशान आणि प्लायमाउथ रॉक यांच्या संकरातून. हेतू सरळ होता: मध्यमवर्गीय घराला अंडी आणि मांस दोन्ही देणारी कोंबडी. रंग काळा, लंडनच्या धुराची काजळी दिसू नये म्हणून, असं सांगतात. पण ती प्रदर्शनात शिरली आणि पुढच्या शौकिनांनी तिला पिसांचा गोळा करून टाकलं. ती मोठी, देखणी झाली आणि अंड्याला मागे पडली. काही ऑर्पिंग्टन मात्र ऑस्ट्रेलियात गेल्या होत्या. तिथल्या पाळणाऱ्यांनी पिसांकडे दुर्लक्ष करून अंडी मोजली. १९२२-२३ च्या एका स्पर्धेत सहा कोंबड्यांनी ३६५ दिवसांत १८५७ अंडी दिली, म्हणजे कोंबडीमागे सरासरी ३०९.५. (१८५७ हा आकडा आपल्याला लक्षात ठेवायला सोपा.) या कोंबड्या पुढे ऑस्ट्रालॉर्प म्हणून ओळखल्या गेल्या.

अंडी मोजणं हाच खरा बदल होता, आणि तो घडवला एका साध्या पेटीने. कोंबडी अंडं द्यायला आत शिरली की मागे दार पडतं. माणूस येऊन पायातल्या कडीचा नंबर बघतो, वहीत खूण करतो आणि तिला सोडतो. कोणती कोंबडी अंडी देते आणि कोणती नुसतीच दाणे खाते, हे यामुळे पहिल्यांदा खात्रीने कळू लागलं.

मांसाच्या बाजूने हेच १९४८ मध्ये अमेरिकेतल्या 'उद्याची कोंबडी' स्पर्धेने केलं. त्यात विजयी ठरला कॉर्निश रक्ताचा संकर. कॉर्निश ही इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधली जात आपल्या असीलपासून तयार झालेली. ती झुंजीसाठी काढली होती, पण तिथे काही चमकली नाही. छाती मात्र भरदार निघाली. आज कोपऱ्यावरच्या दुकानातल्या ब्रॉयलरमध्ये हाच झुंजीचा वारसा आहे.

एवढं सगळं सांगून शौकिनांना खलनायक ठरवणं मात्र अन्यायाचं होईल. कंपन्यांचे संकरित पक्षी आल्यावर शेतकऱ्यांनी जुन्या जाती सोडून दिल्या. त्यातल्या कित्येक टिकल्या त्या प्रदर्शनवाल्यांच्याच खुराड्यांत. सगळीच मानकं दिखाऊही नव्हती. कॅनडातला शांतेक्लेर हा पक्षी एका मठवासी ब्रदरने मुद्दाम बुटक्या तुऱ्याचा काढला, कारण तिथल्या थंडीत मोठे तुरे गोठून सडतात. असं रूप मानकात आलं तर तक्रार कोण करील?

आपल्याकडे प्रदर्शनांची ही परंपरा फारशी रुजली नाही. कर्नालची राष्ट्रीय पशुआनुवंशिक संसाधन संस्था असील, कडकनाथ, घागस अशा देशी जातींची नोंदणी करते, पण ती जतनासाठी. गावात उघड्या मानेची, उलट्या पिसांची, काबरी, तांबडी अशी सरमिसळ कायम राहिली. सरकारी केंद्रांनी ऱ्होड आयलंड रेड, व्हाइट लेगहॉर्न, काळी ऑस्ट्रालॉर्प आणल्या. लेगहॉर्न अंड्याला उत्तम, पण मोकळ्या अंगणात पांढरा पक्षी घारीला लांबूनच दिसतो.

बंगळूरच्या गिरिराज आणि हैदराबादच्या वनराज या सुधारित कोंबड्यांत हा अनुभव उतरलेला आहे. पिसं मुद्दाम रंगीत ठेवली, देशीसारखी दिसावीत अशी. वनराजच्या नराकडच्या वंशात निवड केली ती नडगीच्या लांबीवर, म्हणजे कुत्र्या-मांजरापुढे पळता येईल. हेही एक मानकच, फक्त ते परसाकडे बघून लिहिलेलं.

पण जातीच्या नावाची भुरळ आपल्यालाही सुटलेली नाही. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मागणी वाढली, आणि २०१९ मध्ये सांगली-इस्लामपूर भागात कडकनाथच्या करारशेतीत हजारो शेतकऱ्यांची फसवणूक झाल्याच्या तक्रारी आल्या. बोस्टनच्या त्या वेडात आणि यात फरक एवढाच, की इथे अनेकांनी कर्ज काढलेलं होतं. पक्ष्याचा त्यात दोष नाही. कडकनाथ वर्षाला साधारण शंभर अंडी देते आणि खुडूक फारशी बसत नाही, हे आधीपासून माहीत होतं.

पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत २५ माद्या आणि ३ नर असा आठ-दहा आठवड्यांच्या तलंगांचा गट मिळतो. तो घेणाऱ्या घरांत एखादी-दुसरी गावठी कोंबडीही हमखास ठेवलेली असते. वनराज वर्षाला शंभरावर अंडी देते, पण रवणीला बसत नाही. तिची अंडी गावठीच्या पोटाखालीच घालावी लागतात, आणि त्यातून निघणारी पुढची पिढी पहिलीइतकं देत नाही. म्हणून दर एक-दोन वर्षांनी नवी पिल्लं उबवणी केंद्रातून आणायची, आणि गावठी मात्र घरचीच ठेवायची.