छतावरील सौरवीज धोरण, वडोदरा

घरांच्या व इमारतींच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवून तयार होणारी वीज वितरणजाळ्याला जोडण्याचे नियम, दर आणि अनुदाने. वडोदऱ्यात वीजपुरवठा मध्य गुजरात वीज कंपनी करते. मीटरिंगचे नियम व दर गुजरात वीज नियामक आयोग ठरवतो.

या धोरणाचा प्रारंभ कोठे धरावा, हे कसोटीवर अवलंबून आहे. राज्याचे पहिले सौर धोरण २००९ चे; मात्र त्याचा रोख मुख्यतः जमिनीवरील मोठ्या प्रकल्पांकडे होता. त्यामुळे २०१० च्या सुमारास आखलेली गांधीनगरची ५ मेगावॉटची योजना आरंभबिंदू मानणे अधिक सयुक्तिक वाटते. तीत खाजगी कंपनी छत भाड्याने घेई, सगळी वीज जाळ्याला विके आणि छतमालकाला युनिटमागे ३ रुपये देई. पुढे वडोदरा, सुरत, राजकोट, भावनगर व मेहसाणा ही शहरे याच वाटेने नेण्याचे ठरले. वडोदऱ्याचा ५ मेगावॉटचा करार साधारण २०१४ चा. घरमालक येथे जागा देणारा होता, वीज उत्पादक नव्हे.

ही भूमिका नेट मीटरिंगने पालटली. आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनुसार दुहेरी मीटरवर घेतलेल्या युनिटांतून दिलेली युनिटे वजा होतात. सुरुवातीला संचाच्या क्षमतेवर मंजूर भाराच्या (जोडणीसाठी मंजूर झालेल्या कमाल वीजक्षमतेच्या) निम्म्याची मर्यादा होती; ती घरगुती ग्राहकांसाठी पुढे शिथिल झाली. राज्याच्या २०२१ च्या सौर धोरणाने ती काढून टाकली. २०१९ च्या ‘सूर्य गुजरात’ योजनेत ३ किलोवॉटपर्यंत ४० टक्के व त्यापुढे १० किलोवॉटपर्यंत २० टक्के अनुदान होते, आणि ग्राहक ते वजा करूनच ठेकेदाराला पैसे देई. शिल्लक युनिटाला २.२५ रुपये मिळत. खरा फायदा वीज विकण्यात नसून स्वतःचे बिल कमी होण्यात आहे. म्हणून गरजेपेक्षा मोठा संच घेणे परवडत नाही.

फेब्रुवारी २०२४ च्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत पहिल्या दोन किलोवॉटांना प्रत्येकी ३०,००० व तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे कमाल ७८,००० रुपये अनुदान आहे. संच सुरू झाल्यावर ते थेट बँक खात्यात येते, त्यामुळे आधी पूर्ण रक्कम उभी करावी लागते. पॅनेल व त्यातील सेल देशी बनावटीचे असणे सक्तीचे आहे. त्याच वर्षीच्या केंद्रीय नियमदुरुस्तीने १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची अट उरली नाही. बॅटरी नसलेला जाळ्याशी जोडलेला संच वीज गेल्यावर भर दुपारीही बंद पडतो. बंद जाळ्यात संचाची वीज जाऊन दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनच्या जिवाला धोका होऊ नये, म्हणून ही तरतूद आवश्यक आहे.

दांडिया बाजार, रावपुरा यांसारख्या जुन्या मराठी वस्तीच्या भागांत अडचण वेगळी आहे. अनुदानासाठी छतावर अर्जदाराचा हक्क लागतो, तर वारसांत न वाटलेल्या वाड्याला छत एक आणि मीटर अनेक. एका किलोवॉटला सुमारे १० चौरस मीटर सावलीविरहित जागा लागते. उतरत्या कौलांवर व शेजारच्या उंच इमारतींच्या सावलीत ती मिळणे कठीण. गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक सोयींसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपयांची तरतूद आहे, पण नोंदणीकृत संस्था नसलेल्या वाड्याला ती लागू पडत नाही. सामायिक छताची ही उणीव धोरणाने आधी भरून काढायला हवी.