पाटी एक, मिनीगोल्फ दोन

जर्मनीत उन्हाळ्यातल्या रविवारी पोरांना घेऊन बाहेर पडलं की कुठल्या तरी बागेशेजारी ‘मिनीगोल्फ’ अशी पाटी दिसतेच. आत मात्र दोनपैकी कुठलाही खेळ असू शकतो. मोठ्यांना त्याचं फारसं काही वाटत नाही, पण चार वर्षांच्या मुलाचा सगळा दिवस त्यावर ठरतो. एका प्रकारात लेनवर, म्हणजे काठीने चेंडू मारत अडथळ्यांतून भोकापर्यंत न्यायच्या अरुंद पट्टीवर, पाय ठेवता येतो, दुसऱ्यात नाही.

पाय ठेवता येतो तो काँक्रीटचा. पाउल बोंग्नी या स्विस माणसाने तो आखला आणि १९५४ साली स्वित्झर्लंडमधल्या अस्कोना गावात १८ लेनची पहिली जागा सुरू झाली. ‘मिनीगोल्फ’ हे नाव मुळात याचंच. लेन १२ मीटर लांब, सव्वा मीटर रुंद, आणि टोकाला मोठं वर्तुळ. मूल खुशाल आत शिरतं, चेंडूमागे उभं राहून मारतं. अडचण लांबीची. चिमुकल्या हातांनी मारलेला चेंडू अर्ध्या वाटेतच दमतो.

दुसरा मिनिएचरगोल्फ. सव्वासहा मीटर लांब, ९० सेंटिमीटर रुंद. आपल्याकडे छपरावर घालतात त्या सिमेंटच्या पत्र्याचं हे सपाट भावंड, लोखंडी चौकटीत बसवलेलं. यावर चढायचं नाही, चेंडू मध्ये थांबला तर बाहेरूनच वाकून मारायचा. हे आमच्या लेकीला कोण सांगणार? पहिल्याच लेनवर ती दुडुदुडु चढली आणि काउंटरवरचे आजोबा हातवारे करत धावत आले. पुढच्या सतरा लेन मी तिचा फ्रॉक मागून धरून खेळले. सहा-सात वर्षांच्या मुलांना मात्र हाच प्रकार जास्त आवडतो, कारण चेंडू निदान अडथळ्यापर्यंत पोचतो.

नियम दोन्हीकडे बरेचसे सारखे. चेंडू अगदी कडेला चिकटला तर साधारण वीतभर आत घेता येतो. अडथळा पार झाला नाही तर पुन्हा सुरुवातीपासून मारायचं; घरच्या खेळात हे आम्ही सोयीने विसरतो. सहा फटक्यांत चेंडू भोकात गेला नाही तर कागदावर सात लिहून पुढे निघायचं. हा नियम आईबापांची दया येऊनच केला असणार. लेकीला मात्र सात हा मोठा आकडा वाटतो, त्यामुळे तिच्या हिशेबात दर वेळी तीच जिंकते.

तिकीट काढण्याआधी कुंपणावरून एकदा आत डोकवा. लोक लेनमध्ये उभे असतील तर धाकट्यालाही काठी घ्या. बाहेर उभे राहून वाकत असतील तर त्याच्यासाठी आधी आइस्क्रीम.