पिकअपला हुक लावायचाय, पण कुठला? बॉल हिच की पिंटल

आपल्याकडे सगळ्यालाच हुक म्हणतात. बंद पडलेली गाडी टोचन करायला पुढे असतो तोही हुक आणि मागे ट्रॉली जोडतो तोही हुक. त्यामुळे मावसभावाने रबाळ्याच्या गाळ्यावरून फोन केला की जनरेटरची ट्रॉली घेतलीय, पिकअपला कुठला हुक बसवू, तेव्हा पहिली दहा मिनिटं आम्ही दोघं वेगवेगळ्याच वस्तूंबद्दल बोलत होतो. म्हणून नीट लिहून काढतोय, कारण हुक चुकीचा लागलाय हे गॅरेजमध्ये कळत नाही, घोडबंदरच्या खड्ड्यात कळतं.

टोचनच्या हुकाचं आधी संपवतो. तो अडकलेली गाडी थोडं अंतर ओढून न्यायला असतो, ट्रॉलीच्या दांडीचं जे वजन सतत खाली दाबत असतं आणि प्रत्येक खड्ड्याला आपटतं ते झेलायला तो बनवलेलाच नसतो. त्याला ट्रॉली लावू नका.

आता खरी दोन. बॉल हिच म्हणजे गाडीला मागे लोखंडी गोळा आणि ट्रॉलीच्या दांडीच्या टोकाला उलट्या वाटीसारखा कपलर, तो गोळ्यावर बसतो आणि खटका लावला की आतली जीभ गोळ्याला खालून पकडते. पिंटलमध्ये उलटं, गाडीला जबड्यासारखा हुक आणि दांडीला जाड लोखंडी कडी, कडी खालच्या आकड्यात टाकायची, वरचा जबडा बंद करायचा आणि पिन घालायची. लष्कराच्या गाड्यांमागे तुम्ही हेच पाहिलं असणार.

चालवताना फरक पहिल्या सिग्नललाच कळतो. बॉल घट्ट बसतो, ब्रेक मारला की ट्रॉली गाडीबरोबरच थांबते, आवाज जवळपास नाही. पिंटलमध्ये कडी आणि हुक यांच्यात मोकळी जागा असतेच, त्यामुळे ब्रेकला मागून एक धक्का, सुटताना दुसरा, आणि ठाणे-बेलापूर रोडला ट्रॅफिकमध्ये दिवसभर हे खडखड ऐकत बसायचं. पण तीच मोकळी जागा साइटवर कामाला येते. तळोज्याला कच्च्या रस्त्यावर गाडी वर आणि ट्रॉली खड्ड्यात अशी वाकडी झाली तर बॉलचा कपलर एका हद्दीपर्यंतच वाकतो आणि पुढे त्याच्या कडांवर जोर येतो, कडी मात्र हुकात आरामात फिरते. भार पेलायलाही पिंटल जास्त दणकट येतो, म्हणून जड मशिनरीवाले तोच लावतात.

पण मुळात हुक तुमच्या आवडीवर ठरत नाही, ट्रॉलीच्या दांडीला पुढे काय आहे त्यावर ठरतो. वाटी असेल तर बॉल, कडी असेल तर पिंटल. भाड्याने मिळणाऱ्या कॉम्प्रेसरला बऱ्याचदा कडी असते, बोटीच्या किंवा सामानाच्या हलक्या ट्रॉलीला वाटी. काहीजण कडी सरळ बॉलवर टाकून वर काहीतरी बांधतात, ते मी दोन-तीन वेळा डोळ्यांनी पाहिलंय आणि प्रत्येकवेळी थांबवून सांगितलंय. कडी धरायला बॉलवर काहीच नसतं हो, पहिल्या मोठ्या स्पीड ब्रेकरला ती वर उडते.

बॉल घ्यायचा ठरलं तर सगळ्यात जास्त लक्ष साइजकडे द्या, कारण इथेच आमची चूक झाली होती. युरोपीय पद्धतीचा बॉल ५० मिलिमीटरचा, अमेरिकन पद्धतीचा २ इंची म्हणजे ५०.८, आणि त्यात १ ७/८ इंचीही असतो, तो ४७.६ मिलिमीटर. डोळ्यांना तिन्ही सारखेच. काही वर्षांपूर्वी आम्ही एका दुकानातून बॉल आणला, "सगळ्याला बसतो" म्हणाला, आणि बसलाही, खटका व्यवस्थित लागला, पिनही गेली. गायमुखच्या घाटात एका खड्ड्याला मागून धाड् असा आवाज आला आणि आरशात बघतो तर ट्रॉली सुरक्षेच्या साखळीवर लटकतेय, दांडी डांबराला घासून ठिणग्या उडतायत. मागे रिक्षा होती, नशिबाने लांब होती. नंतर ओळखीच्या लेथवाल्याच्या व्हर्नियरने, म्हणजे बारीक माप घ्यायच्या पट्टीने, मोजलं तर बॉल ४७.६ चा आणि आमचा कपलर ५० चा. म्हणजे खटका लागला याचा अर्थ बॉल पकडला असा होत नाही. साइज बॉलच्या डोक्यावर किंवा मानेजवळ कोरलेली असते, कपलरवरही असते, रंगाखाली दबली असेल तर खरवडून वाचा. ५० आणि ५०.८ चीही अदलाबदल करू नका, ५० ची वाटी २ इंची गोळ्यावर पूर्ण खाली बसत नाही आणि २ इंची वाटी ५० च्या गोळ्यावर ठोके खाते. बॉल झिजतोही, ५० चा बॉल झिजून ४९ वर आला की बदलायचा.

जोडणी तपासायची सोपी रीत अशी, खटका लावल्यावर ट्रॉलीच्या पुढच्या जॅकचं हँडल फिरवून दांडी वर उचलायची. पिकअपची मागची बाजू तिच्याबरोबर वर आली तर बॉल पकडला गेलाय, वाटी एकटीच वर आली तर नाही. मिनिटभराचं काम आहे, आम्ही आता दरवेळी करतो.

दुसरं वजनाचं. दुकानात सगळे विचारतात की हा हुक किती टन ओढतो, पण दांडी खाली किती दाबते हे कोणी विचारत नाही. बॉलवरच्या अशा ट्रॉलीसाठी अमेरिकेत धरतात तो हिशोब एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के, म्हणजे ८०० किलोची ट्रॉली असेल तर दांडीवर ८० ते १२० किलो. दांडीचं टोक प्लॅटफॉर्म काट्यावर ठेवून मोजता येतं, फक्त ट्रॉली सपाट उभी करून आणि डिझेल भरून मोजा. दांडीवरचं वजन कमी भरलं तर ट्रॉली स्पीडला मागे शेपटी हलवायला लागते, डावी-उजवी, आणि हे पाम बीच रोडसारख्या मोकळ्या रस्त्यावर जास्त जाणवतं. तसं झालं तर स्टीअरिंग सरळ धरा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा, एकदम ब्रेक मारू नका. ते वजन जास्त भरलं तर पिकअपचं मागचं खाली बसतं, पुढची चाकं हलकी होतात, शिवाय हे वजन पिकअपच्या लोडमध्येच धरायचं असतं, हौद्यात फुल माल आणि वर दांडीचं वजन असं चालत नाही. आणि हुकाची उंची बघताना पिकअप नेहमीच्या लोडवर ठेवून बघा, ट्रॉली जमिनीला समांतर राहिली पाहिजे.

पिंटल आणि बॉल एकत्र असलेला कॉम्बो हुकही मिळतो, खालचा आकडाच गोळ्यासारखा असतो आणि वरून जबडा येतो, म्हणजे कडीही लागते, वाटीही. रोज दोन्ही प्रकारच्या ट्रॉल्या ओढणाऱ्याला तो सोयीचा आहे, फक्त त्याच्यावर दोन आकडे असतात, पिंटल म्हणून वेगळा आणि बॉल म्हणून वेगळा, आणि बॉलचा कमी असतो. विकणारा मोठाच आकडा सांगतो.

माझं मत विचाराल तर एका कामावर अडकून पडायचं नसेल त्याने थेट बॉल किंवा थेट पिंटल चेसिसला वेल्ड करून घेऊ नये, रिसीव्हर बसवावा. रिसीव्हर म्हणजे चेसिसला बोल्टने पक्की केलेली चौकोनी नळी, साधारण २ इंची येते, तिच्यात आज बॉलचा माउंट घाला, उद्या पिन काढून पिंटलचा घाला. सगळ्या जोडणीतला जो भाग सगळ्यात कमी वजन पेलतो तेवढंच वजन तुम्ही ओढायचं, मग तो बॉल असो, नळी असो की खुद्द पिकअप. सुरक्षेच्या साखळ्या दोन लावायच्या आणि दांडीच्या खालून एकमेकींवर क्रॉस करून, म्हणजे जोड सुटला तरी दांडी त्यांच्यावर झेलली जाते, रस्त्याला टेकत नाही. आमची एकच होती, सरळ लावलेली.

कागदाचंही सांगून ठेवतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, त्यामुळे त्याचं रजिस्ट्रेशन, नंबर प्लेट, मागचे दिवे हे सगळं लागतं. गाडीत बदल करण्याबद्दल कलम ५२ आहे, म्हणून चेसिसला काही लावण्याआधी ठाण्याच्या किंवा वाशीच्या आरटीओत जाऊन विचारा.

मावसभावाच्या ट्रॉलीला ५० ची वाटी निघाली, पण पावसाळ्यात पाणी उपसायला तो तळोज्याहून भाड्याने पंप आणतो त्याला कडी आहे. मग रिसीव्हरच घ्यायला सांगितला, ५० चा बॉल आणि पिंटल असे दोन माउंट, आणि बॉल घ्यायला जाशील तेव्हा व्हर्नियर घेऊन जा म्हटलं. शनिवारी मी पण जातोय बरोबर.