न्यूर्नबर्ग

न्यूर्नबर्ग : जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातील म्यूनिकखालोखालचे मोठे शहर आणि फ्रांकोनिया प्रदेशाचे जुने केंद्र. लोकसंख्या पाच लाखांहून अधिक. पेग्नित्स नदीमुळे जुन्या शहराचे दोन भाग झाले आहेत. उत्तरेला किल्ल्याखालचा झेबाल्ड आणि दक्षिणेला लोरेन्झ. दोन्ही नावे तिथल्या मोठ्या चर्चवरून पडली. मराठी वाचकाला हे शहर ‘न्युरेंबर्ग’ या इंग्रजी वळणाच्या नावाने आणि बहुधा नाझी नेत्यांवरच्या खटल्यामुळे ठाऊक असते. प्रवासी इथे येतात ते बोटाएवढी सॉसेजेस, मसाल्याची लेबकूखन आणि नाताळचा बाजार यांच्यासाठी. जेवायला, जत्रेला म्हणून जिथे जावे तिथेच इतिहास आडवा येतो, हे या शहराचे वैशिष्ट्य.

शहराचा पहिला लेखी उल्लेख १०५० सालचा. सम्राट तिसऱ्या हेन्रीने झिगेना नावाच्या एका दासीला मुक्त केले, त्या दस्तऐवजात तो सापडतो. दुसऱ्या फ्रेडरिकने १२१९ मध्ये शहराला सनद दिली. तिच्यात इथे द्राक्षमळे नाहीत, जलवाहतूक नाही आणि जमीनही कठीण आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. पिकत नाही म्हटल्यावर गावाने व्यापार आणि कारागिरीवर पोट भरले व त्यातून ते युरोपातल्या श्रीमंत शहरांत जाऊन बसले. चौथ्या चार्ल्सच्या १३५६ च्या ‘सुवर्ण फर्माना’नुसार नव्या राजाने आपली पहिली सभा न्यूर्नबर्गलाच भरवायची होती. पवित्र रोमन साम्राज्याची राजचिन्हेही १४२४ ते १७९६ पर्यंत इथेच होती. १८०६ मध्ये शहर बव्हेरियात विलीन झाले. ७ डिसेंबर १८३५ रोजी जर्मनीतली वाफेच्या इंजिनाची पहिली प्रवासी रेल्वे इथून शेजारच्या फ्युर्थपर्यंत, जेमतेम सहा किलोमीटर धावली. आपली मुंबई–ठाणे गाडी त्यानंतर १८ वर्षांनी सुटली.

पंधराव्या-सोळाव्या शतकांत छपाई, धातुकाम आणि भूगोल या तिन्ही विद्या या गावात एकदम भरास आल्या. मार्टिन बेहाइमच्या देखरेखीखाली १४९२ च्या सुमारास इथे बनलेला ‘एर्डआप्फेल’ (अर्थ : पृथ्वीचे सफरचंद) हा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना पृथ्वीगोल आहे. त्यावर अमेरिका नाही, कारण कोलंबस तेव्हा परतायचा होता. कोपर्निकसचा सूर्यकेंद्री सिद्धान्ताचा ग्रंथही १५४३ मध्ये न्यूर्नबर्गमध्येच छापला गेला.

चित्रकार आल्ब्रेश्ट ड्यूरर (१४७१–१५२८) याच गावचा. किल्ल्याजवळचे त्याचे घर आज संग्रहालय आहे. त्याच्या १५१५ मधील गेंड्याच्या लाकूडठशाशी गोव्याचा थेट संबंध आहे. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशहा याने हा गेंडा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला भेट दिला. गोव्याहून तो जहाजाने लिस्बनला गेला. तिथून एक रेखाटन आणि वर्णन न्यूर्नबर्गला पोचले, त्यावरून ड्यूररने चित्र केले. जनावर त्याने कधीच पाहिले नाही. त्याने गेंड्याला चिलखताच्या पत्र्यांसारखी कातडी दिली आणि मानेवर एक जादा शिंग लावले. तरी पुढची दोन-अडीचशे वर्षे युरोपात गेंडा म्हणजे हाच, असे मानले गेले.

भारताशी दुसरा धागा मसाल्यांचा. श्रीमंत व्यापाऱ्यांना जर्मन भाषेत ‘मिऱ्यांची पोती’ असे हिणवीत. न्यूर्नबर्गच्या इम्होफ आणि हिर्शफोगेल या घराण्यांनी १५०५ च्या पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाच्या भारतमोहिमेत पैसा गुंतवला होता. लेबकूखन हा पदार्थ समजायचा तर इथून सुरुवात करावी लागते. शहराभोवतीच्या राजवनातून मध येई आणि व्यापाऱ्यांच्या वखारीत दालचिनी, लवंग, वेलदोडा, सुंठ, धणे, जायपत्री उतरे. दोन्ही एका गावात मिळाल्यावर मसाल्याचा हा गोड पदार्थ इथे रुजला नसता तरच नवल. लेबकूखन करणाऱ्यांचा स्वतंत्र संघ १६४३ मध्ये झाला. यातला उंची प्रकार ‘एलिझन’. त्यात किमान २५ टक्के बदाम, अक्रोडासारखा सुका मेवा लागतो, पीठ १० टक्क्यांहून अधिक चालत नाही, आणि मिश्रण पातळ पांढऱ्या वेफरवर थापून भाजतात. पहिल्या घासाला आपल्याकडच्या माणसाला गरम मसाल्याच्या डब्याचा वास आल्यासारखे वाटते. बिस्किटासारखे कुरकुरीत असेल अशी अपेक्षा ठेवू नये. चांगले लेबकूखन मऊ आणि ओलसर असते.

न्यूर्नबर्गर ब्राटवुर्स्ट म्हणजे मरव्याचा स्वाद असलेले, मेंढीच्या आतड्यात भरलेले डुकराच्या मांसाचे सॉसेज. लांबी सात ते नऊ सेंटिमीटर, वजन २० ते २५ ग्रॅम. युरोपीय संघाने २००३ पासून या नावाला भौगोलिक संरक्षण दिले आहे. शहराच्या हद्दीत बनले नसेल तर ते न्यूर्नबर्गर नव्हे. ते इतके बारीक का, याच्या अनेक कथा सांगतात. रात्री दुकाने बंद झाल्यावर किल्लीच्या भोकातून गिऱ्हाइकाला सॉसेज देता यावे म्हणून, ही त्यातली सगळ्यांच्या आवडीची. तिच्यावर विश्वास ठेवायलाच हवा असे नाही. बीचच्या लाकडावर भाजलेली सॉसेजेस सहा, आठ, दहा किंवा बारा अशी मागवतात आणि ती कथिलाच्या ताटलीत आंबवलेला कोबी किंवा बटाट्याचे सॅलड आणि किसलेल्या हॉर्सरॅडिशसोबत (एक झणझणीत मूळ) येतात. रस्त्यावर ‘द्राय इम वेग्ला’ मागावे, म्हणजे पावात तीन. वडापावासारखे चालता चालता खाण्याचे हे प्रकरण आहे. हीच सॉसेजेस कांदा-व्हिनेगरच्या पाण्यात शिजवली की त्यांना ‘झाउरे त्सिप्फेल’ म्हणतात. रविवारच्या जेवणात मान असतो तो ‘शॉयफेले’चा : डुकराच्या खांद्याचा भाजलेला तुकडा, वर कुरकुरीत कातडी, सोबत बटाट्याचा मोठा गोळा. सप्टेंबर ते एप्रिल हा तळलेल्या कार्प माशाचा मोसम. शाकाहारी माणसाने वसंतात जावे. शहराच्या उत्तरेला लागूनच ‘क्नोब्लाउखलांड’ (लसणाचा मुलूख) नावाचा भाजीपाल्याचा पट्टा आहे आणि २४ जूनपर्यंत तिथला पांढरा शतावरी-कोंब (अॅस्परॅगस) हॉटेलांतून मिळतो. एरवी बटाटा, चीज आणि ब्रेझेल या पिळाच्या खारट पावावर भागवावे लागते.

इथली खास बिअर लालसर असते. ती थंड ठेवण्यासाठी किल्ल्याच्या टेकडीखालच्या वालुकाश्मात कित्येक मजली तळघरे खोदलेली आहेत. बिअर बनवून विकणाऱ्याकडे स्वतःचे तळघर असलेच पाहिजे, असा नगरपरिषदेचा १३८० चा नियम होता. दुसऱ्या महायुद्धात याच तळघरांत नागरिकांनी आसरा घेतला. त्यांपैकी एका भागात कलावस्तू लपवल्या होत्या. त्यात बेहाइमचा पृथ्वीगोल होता आणि नाझींनी पोलंडमधल्या क्राकोवहून लुटून आणलेली शिल्पकार फाइट श्टोसची चर्चमधली वेदीही होती. आज बिअरची तळघरे आणि कलावस्तूंचा हा भाग, दोन्ही मार्गदर्शकाबरोबर पाहता येतात. आत उन्हाळ्यातही थंडी असते.

नाताळचा ‘क्रिस्टकिंडलेसमार्क्ट’ आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार रविवारांचा काळ) पहिल्या रविवारआधीच्या शुक्रवारी सुरू होऊन २४ डिसेंबरला संपतो. १६२८ पासून त्याची नोंद सापडते. हाऊप्टमार्क्ट चौकात लाकडी टपऱ्या, त्यांवर लाल-पांढरी कापडे. उद्घाटनाला फ्राउएनकिर्शे या चर्चच्या सज्जातून सोनेरी केसांची, मुकुट घातलेली ‘क्रिस्टकिंड’ स्वागताच्या ओळी म्हणते. १९६९ पासून या भूमिकेसाठी दर दोन वर्षांनी गावातल्या १६ ते १९ वयाच्या मुलींतून निवड होते. २०१९ मध्ये निवडलेल्या मुलीचे वडील मूळचे भारतीय होते. एका अतिउजव्या पक्षाच्या स्थानिक शाखेने त्यावरून समाजमाध्यमावर कुत्सित शेरा मारला. देशभरातून इतकी टीका झाली की तो काढून टाकावा लागला, आणि त्या डिसेंबरात सज्जात तीच मुलगी उभी राहिली. बाजारात गरम मसालेदार लाल वाइन मगातून मिळते. मगाची अनामत परत घ्यायची किंवा मग घरी न्यायचा. सुक्या प्लमच्या फळांपासून केलेल्या बाहुल्या फक्त शोभेच्या, खायच्या नव्हेत. शनिवार-रविवारी चेंगराचेंगरी असते, म्हणून मधल्या वारी सकाळी जावे.

हा चौक मात्र मोकळा कसा झाला, हे बाजारातल्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले नाही. १३४९ पर्यंत तिथे ज्यूंची वस्ती होती. चौथ्या चार्ल्सच्या संमतीने ती पाडली गेली, शेकडो ज्यूंना मारले गेले आणि सिनेगॉगच्या जागी फ्राउएनकिर्शे उभी राहिली. चर्चच्या दर्शनी भागावर १५०९ चे घड्याळ आहे. रोज दुपारी बारा वाजता त्यातून सात बाहुले निघून बसलेल्या सम्राटाला तीन प्रदक्षिणा घालतात. खाली मुले टाळ्या पिटतात. वर बसलेला सम्राट तोच चौथा चार्ल्स.

या जुन्या वैभवाचा वापर करण्यासाठीच हिटलरने नाझी पक्षाचे मेळावे इथे भरवले. १९३३ ते १९३८ दर वर्षी ते झाले आणि १९३५ च्या मेळाव्यातच ज्यूंचे नागरिकत्व हिरावणारे कायदे जाहीर झाले. २ जानेवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जुन्या शहराचा सुमारे ९० टक्के भाग उद्ध्वस्त झाला. आज मध्ययुगीन म्हणून जे दिसते त्यातले बरेचसे युद्धानंतर पुन्हा बांधलेले आहे. बांधणाऱ्यांनी जुने रस्ते आणि छपरांचा उतार कायम ठेवला, म्हणून डोळ्यांना ते खरे वाटते. २० नोव्हेंबर १९४५ ते १ ऑक्टोबर १९४६ या काळात नाझी नेत्यांवरचा खटला न्यायप्रासादाच्या ६०० क्रमांकाच्या दालनात चालला. १२ जणांना फाशीची शिक्षा झाली. वरच्या मजल्यावर २०१० पासून त्याचे स्मृतिसंग्रहालय आहे.

मेळाव्यांचे मैदान शहराच्या आग्नेयेला आहे. नाझी पक्षाच्या अधिवेशनांसाठी बांधायला घेतलेल्या, अर्धवट राहिलेल्या काँग्रेस हॉलच्या एका टोकाला २००१ पासून माहितीकेंद्र चालते. बाहेर पडले की वेगळेच दृश्य दिसते. वसंत आणि शरद ऋतूंत त्याच इमारतीशेजारी पाळण्यांची जत्रा भरते, झेपेलिन मैदानाभोवती मोटारींच्या शर्यती आणि रॉकचा महोत्सव होतो, तर लुइटपोल्डहाइन या एकेकाळच्या संचलनभूमीवर उन्हाळ्यात लोक सतरंज्या पसरून, डबे उघडून शास्त्रीय वाद्यवृंद ऐकतात, तेही फुकट. जुलैअखेरीस जुन्या शहराच्या चौकांत ‘बार्डनट्रेफन’ हा विनामूल्य संगीतमहोत्सव होतो. कवी-चांभार हान्स झाक्सच्या ४०० व्या पुण्यतिथीला, १९७६ मध्ये, तो सुरू झाला.

जुने शहर पायी फिरण्यासारखे आहे. तट बहुतांशी शाबूत असून त्याच्या कडेने चालता येते. किल्ल्यावर सुमारे ५० मीटर खोल विहीर आहे. तळाचे पाणी दिसावे म्हणून मार्गदर्शक तिच्यात मेणबत्त्या सोडतो. विमानतळावरून चालकाविना धावणारी भुयारी रेल्वे पाव तासाच्या आत मध्यवर्ती स्थानकावर आणून सोडते. म्यूनिकहून वेगवान गाडीने एक तास पुरतो.